बळ्ळारी नाल्याला भिंती हव्यात की हिरवा काठ?

टिळकवाडीची विद्यार्थिनी:
वास्तुरचनेच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी आपल्या बेळगावातला बळ्ळारी नाला घेतलाय. माझं म्हणणं, त्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती घालू नयेत. भिंतींमुळं पाणी सुसाट सुटतं आणि शहरातला पूर पुढच्या शिवारात जाऊन बसतो. सिंगापूरनं बिशान बागेतला कलांग नदीचा २.७ किमीचा काँक्रीट कालवा काढून वळणावळणाचं पात्र केलं, २०१२ मध्ये ते खुलं झालं. पाणी चढलं की बागेचा काठच पात्र होतो, ओसरलं की लोक परत फिरायला येतात. आपल्या नाल्याकाठी करंज, जांभूळ, लव्हाळा का नको?

वडगाव शिवार:
ताई, बाग शहराला आणि पाणी आम्हाला, असं होतंय बघा. नाल्यात जलपर्णी माजलीय, गाळ भरलाय. पाणी तुंबलं की भात कुजतंय, दुबार लागणीचा खर्च आमच्याच बोकांडी. ज्या मातीत बासमती पिकवली, तिच्यात आता सांडपाणी शिरायलंय. आणि काठ रुंद करायचा म्हणजे जमीन कुणाची जाणार? हलगा-मच्छे बायपास रस्त्याला जमिनी गेल्याचं दुखणं अजून ताजं आहे.

निवृत्त अभियंता, शहापूर:
झाडांवर फार भिस्त नको. चीननं २०१५ पासून ‘स्पंज शहरं’, म्हणजे पावसाचं पाणी झाडी-तळ्यांत शोषून घेणारी शहरं, उभारायला घेतली. त्यातल्याच झेंगझोऊत २० जुलै २०२१ ला एका तासात २०१.९ मिमी पाऊस झाला आणि मेट्रोत माणसं बुडून मेली. गटारं मोठी करावीच लागतील.

टिळकवाडीची विद्यार्थिनी:
सर, तासाला दोनशे मिमी पाऊस कुठल्या गटारानं झेलला असता?
काका, जमिनीचं तुमचं म्हणणं मात्र मी धरते. शिवारात काठ रुंद करायचा भाग आराखड्यातून काढते. पाणी नाल्यात यायच्या आधीच शहरात अडवायला हवं. १९९५ च्या टंचाईत महापालिकेनं जुन्या विहिरी उपसून वापरात आणल्या होत्या. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर तर आपल्या टिळकवाडीतच आहे. छपरांचं पाणी गाळून अशा विहिरींत सोडता येईल, जांभ्या दगडात ते मुरतं. टिळकवाडीतल्याच व्हॅक्सिन डेपोच्या आवारातली झाडीही त्यासाठीच राखायला हवी.

वडगाव शिवार:
विहिरी भरा की, कोण नको म्हणतंय? पण त्यानं नाल्यातली घाण जायची नाही. आधी सांडपाणी बंद, मग गाळ, मग तुमची झाडं. नकाशा घेऊन पावसात या. पाणी कुठनं शिरतंय ते बांधावर उभं राहून दाखवतो.