फोनवर लिमिट लावलं की काढून टाकतो, अशा क्लायंटबरोबर काय करता?

नवीन_समुपदेशक:
प्रॅक्टिसला दोनच वर्षं झालीत म्हणून विचारते, हसू नका. २३ वर्षांचा मुलगा आहे, रात्री दोन-तीनपर्यंत गेम आणि रील्स, सकाळी उठवत नाही, त्यातच नोकरी गेली. आईनं पाठवलाय, स्वतःहून आलेला नाही. मी टाइमटेबल करून दिलं, अ‍ॅपला लिमिट लावायला सांगितलं, दोन दिवसांत ते काढून टाकलं आणि आता मला आकडे खोटे सांगतो असं वाटतंय. याला अ‍ॅडिक्शन म्हणायचं का, इथूनच गोंधळ आहे.

जुना_खोडरबर:
लेबल जरा बाजूला ठेव. आयसीडी-११ मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) गेमिंग डिसऑर्डर आहे, पण त्यातही तास मोजलेले नाहीत. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम वर जाणं आणि नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं, हे साधारण १२ महिने दिसावं लागतं. रील्ससाठी तिथं वेगळं निदानच नाही. त्या २० प्रश्नांच्या इंटरनेट अ‍ॅडिक्शन टेस्टचा स्कोअर गप्पा सुरू करायला ठीक, पण तेवढ्यावर निदान करू नकोस.
आणि खोटं बोलतोय कारण तू आईची माणूस झालीयेस त्याच्या डोळ्यात. टाइमटेबल तुझं होतं ना, त्याचं कुठं होतं?

रातकिडा:
+१. मी पहिली दोन सेशन्स फोन कमी करायचं नावच काढत नाही. फोन हातात घेण्याआधीच्या पाच मिनिटांत काय झालं, एवढंच लिहून आणायला सांगते. कुणी ओरडलं, कंटाळा आला, की उद्याचा विचार नको होता? बहुतेक वेळा तिथंच सापडतं.

नवीन_समुपदेशक:
आजच विचारलं! म्हणाला, रात्री घरात सगळे झोपले की मला कुणी नोकरीचं विचारत नाही. मला काय बोलावं तेच सुचेना.

रातकिडा:
काही बोलू नकोस, हेच तर हवं होतं. आता दिवसा त्याला कुणी न विचारणारा एक तास मिळेल का ते बघ, म्हणजे आईला बोलवावंच लागेल, पण त्याला विचारून. रात्रीचा निवांतपणा काढून घेतलास आणि जागी काहीच ठेवलं नाहीस तर तो परत तिथंच जाणार.

प्लग_काढा:
सगळं भावनेवर नको सोडू. पुढचं बक्षीस कधी येईल ते माहीत नसतं म्हणून बोट खाली ओढत राहतं, जुगाराच्या मशीनसारखंच, आणि स्क्रोल संपतच नाही. रात्री दोनला इच्छाशक्ती कुणाकडे उरते? चार्जर खोलीबाहेर, गजराला साधं घड्याळ, नोटिफिकेशन बंद. पण सुरुवात झोपेपासून कर, आणि एकदम दहाला झोप म्हणू नकोस. उठायची वेळ रोज एकच धर, झोपायची हळूहळू मागे येते. रोज तीन वाजवणारा अडीचला आडवा झाला तरी मी त्याला प्रगतीच म्हणतो.
आणि खाली डिप्रेशन, एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा), लोकांत जायची भीती आहे का ते तपासलंस का? जगावंसं वाटत नाही का, हेही सरळ विचार. विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही. हो म्हणाला तर आधी तेच, फोन नंतर, आणि सायकियाट्रिस्टकडे लगेच पाठव.

नवीन_समुपदेशक:
तपासलं नव्हतं. फोनवरच अडकले होते मी पण. गुरुवारी येतोय, आल्यावर लिहिते.