डी९०च्या जागी काय घेऊ? दशावतार आणि समुद्री गरुड, दोन्ही काढायचे आहेत

सुरूचं बन (मालवण तालुका)
मंडळी, निकॉन डी९० आता थकला. पावसाळ्यानंतर मुठीखालचं रबर सुटलं, आरसा मधेच अडकतो, आणि दुरुस्तीवाला म्हणतो की पार्ट शोधत बसू नका. लेन्स दोन, दोन्ही ठणठणीत: कॅमेऱ्यासोबत आलेली १८-१०५ आणि जुनी ५० एमएम एफ/१.८ डी.

कामं दोनच. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की दशावतार. देवळासमोरचा मंडप, दोन एलईडी फ्लड, एखादी ट्यूब, आणि नाटक रंगात येतं ते मध्यरात्रीनंतर. फ्लॅश मारत नाही. रंगवलेला चेहरा त्याने सपाट होतो, शिवाय पुढे बसलेली म्हातारी मंडळी ऐकवतात ते वेगळंच. दुसरं काम म्हणजे किनाऱ्यावरचे समुद्री गरुड आणि खाडीतले पक्षी.

बजेट ७० हजार, ताणलं तर ८०. सेकंडहँड चालेल. डी७२००, डी७५०० आणि कॅनन ८०डी अशी नावं कानावर आहेत. मोठी पोस्टरं छापायची नाहीत, तेव्हा मेगापिक्सेलचं सांगू नका.

पेठेतला
आता डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) कशाला घेताय? निकॉन आणि कॅनन, दोघांनीही २०२० नंतर एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही. नव्या लेन्स सगळ्या मिररलेसच्या (बिनआरशाच्या कॅमेऱ्यांच्या). निकॉन झेड५० किंवा कॅनन आर१० बघा. निकॉन घेतलात तर एफटीझेड अडॅप्टर लावून तुमच्या लेन्सही चालतील.

दर्यावर्दी
पेठेतल्यांचं अर्धं बरोबर. १८-१०५ अडॅप्टरवर चालेल, फोकससकट, कारण तिची मोटर लेन्समध्येच आहे. ५० डी मात्र बॉडीतल्या मोटरवर फिरते, आणि एफटीझेडमध्ये मोटर नाही. म्हणजे संकासुर (दशावतारातला राक्षस) आला की हाताने फोकस करा! काळा वेष, मागे काळोख, आणि माणूस एका जागी उभा राहील तर शपथ. दशावतारासाठी ह्यांच्याकडे कामाची लेन्स ती एकच.

हाच घोळ डी३५०० आणि डी५६०० मध्येही होतो, त्या बॉड्यांत मोटर नाही. दुकानदार सांगत नाहीत. डी७२०० आणि डी७५०० मध्ये आहे. कॅननकडे गेलात तर दोन्ही लेन्स विकून पुन्हा शून्यापासून सुरुवात. ८०डी वाईट नाही, पण तुमच्यासाठी नाही.

गजालवाडी
तुका फोटो काढूचे आसत काय कॅमेरो दाखवूचो आसा? डी९० दुरुस्त कर नि सगळे पैसे लेन्सीत घाल. २००-५०० घे. गरुड बॉडीन गावत नाय, लेन्सीन गावता.

दर्यावर्दी
गजालवाडी, तत्त्व मान्य, पण इथे नेमकं तेच चालत नाही. निकॉनची २००-५०० एफ/५.६ ही ई प्रकारची लेन्स. तिचं छिद्र (प्रकाश आत घेणारं) विजेवर लहानमोठं होतं आणि डी९०ला ती भाषा येत नाही. छिद्र कायम पूर्ण उघडं राहणार. एएफ-पी प्रकारच्या (नव्या तऱ्हेच्या फोकस-मोटरच्या) ७०-३०० लेन्सी तर डी९०वर फोकसच करत नाहीत. म्हणजे पुढे लांब लेन्स घ्यायची असेल तरी बॉडी आधी बदलावी लागतेच.

माझं मत डी७५००. २०१७ चा आहे, २०.९ मेगापिक्सेल, सेकंदाला ८ फ्रेम. डी९० साडेचारच काढतो, गरुड पाण्यावर झेपावतो तेव्हा हा फरक कळतो. फोकस पॉइंट ११ वरून थेट ५१ वर. आणि अंधारात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० वर मी बिनधास्त काढतो, थोडी रवाळी येते ती येऊ दे.

डी७२०० (२०१५) स्वस्त पडेल. त्यात कार्डाचे दोन खाचे आहेत, डी७५०० मध्ये एकच. लग्नं काढणारे ह्यावरून अजून भांडतात. पण तुमच्या मंडपात एलईडी आहेत म्हणून मी डी७५०० म्हणतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधा एलईडी किंवा जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. शटर १/४०० सेकंदावर ठेवून दहा फ्रेम काढल्या तर चार अंधाऱ्या, दोन पिवळ्या, बाकीच्या बऱ्या. डी७५०० प्रकाशाचा शिखरबिंदू हेरून त्या क्षणी शटर सोडतो. डी७२०० मध्ये फोटोंसाठी ही सोय नाही. डी७२०० घेतलात तर १/१०० किंवा १/५० धरून बसायचं, आणि पखवाजाच्या द्रुत लयीत नाचणारा माणूस १/५० ला हललेलाच येणार.

सुरूचं बन
हे एलईडीचं कुणी सांगितलंच नव्हतं. मी रंग बदलतो म्हणून कॅमेऱ्यालाच दोष देत होतो. गरुडासाठी मग काय करू? २००-५०० बजेटात बसणार नाही, आणि ती उचलून डोंगर चढायचा म्हणजे...

खाडीपल्याड (गुहागर)
तिचं वजन २.३ किलो आहे, होडीतून हातात धरून काढायचं तर खांदे निघतात. सुरुवातीला ७०-३०० एएफ-पी व्हीआर (हात हलला तरी फोटो सावरणारी) घ्या. तिच्यातही दोन येतात. डीएक्सवाली (छोट्या सेन्सरसाठीची) स्वस्त आणि हलकी, तिचं छिद्र लांब टोकाला एफ/६.३ वर जातं. दुसरी फुलफ्रेमवाली (मोठ्या सेन्सरसाठीची, पण डी७५०० वरही चालते), ६८० ग्रॅम, एफ/४.५-५.६, जरा महाग पण घ्यावी ती हीच. डी७५०० चा सेन्सर छोटा, म्हणून त्यावर ३०० म्हणजे ४५० चा आवाका मिळतो. मासळी उतरते तिथे घारी आणि कुरव ह्याने मस्त येतात. गरुड घरट्यावर असेल तर ४५० नेही लहानच येईल, पण घरट्याच्या झाडाखाली जाऊन उभे राहू नका. पिल्लं असताना माणूस रेंगाळला की जोडी बाहेरच बसून राहते. लांबून, माडाच्या आडोशाने, सकाळच्या उन्हात.

कासवांचे फोटो काढायला वेळासला जाणार असाल तर पिल्लांवर फ्लॅश अजिबात नको. तिथले कार्यकर्ते आधीच बजावतात.

आणि कॅमेरा कुठलाही घ्या, ठेवणार कुठे ते आधी ठरवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातली चप्पलसुद्धा हिरवी होते. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत कॅमेरा ठेवून चतुर्थीला उघडलात तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यागत धागे दिसतील. बुरशी एकदा कोटिंग खाऊ लागली की पुसून डाग जात नाही.

सुपारीबाग (श्रीवर्धन)
ड्राय कॅबिनेट (विजेवर चालणारं कोरडं कपाट) महाग वाटत असेल तर रबर लावलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. एकदम २० वरही आणू नका, ग्रीस आणि रबर सुकतं. जेल केशरी रंगाचं घ्या. निळ्यात कोबाल्ट असतं, आणि लोक ते स्वयंपाकाच्या कढईत भाजतात! तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा सल्ला इथे कुणी देण्याआधीच सांगतो, पीठ बटणांत जातं.

दिवे जातात तेव्हा हाच डबा कामाला येतो. आमच्याकडे वादळानंतर वीज गेली की परत कधी येईल ते महावितरण आणि देव जाणे.

पेठेतला
बरं, मोटरचा मुद्दा पटला. तरी एक विचारतो, सेकंडहँड डी७५०० कोकणात घेणं म्हणजे कुणाच्या तरी अंगणातला खारा वारा विकत घेणं नाही का?

दर्यावर्दी
म्हणूनच मुंबईत फोर्टला बोरा बाजाराच्या गल्लीत जाऊन, हातात घेऊन बघून घ्या. ऑनलाइन फोटोत सगळेच कॅमेरे नवे दिसतात. लेन्स काढून माउंटच्या धातूच्या कड्यावरचे स्क्रू बघा. गंज किंवा पांढरी पूड दिसली की तो कॅमेरा समुद्रावर राहिलेला. मग बॅटरीच्या खाच्यातले संपर्कबिंदू. मग एक फोटो काढून फाइल मोबाइलवर घ्या आणि शटर किती वेळा उघडलंय ते बघा. डी७५०० चं शटर कंपनीने दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत असेल तर बिनधास्त. एफ/१६ वर आभाळाचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग लगेच कळतात.

तुमची ५० डी सोबत न्या आणि तिथेच लावून फोकस करून बघा. मोटर दमली असेल तर घरघर ऐकू येते.

गजालवाडी
आणि बिल माग. वॉरंटी भारतातली हा काय बाहेरची, ता लिहून घे. बाहेरच्या वॉरंटीचो कॅमेरो हय कोण हातात घेणा नाय.

सुरूचं बन
ठरलं तर मग. डी७५०० सेकंडहँड, ५० तीच, पैसे उरले तर फुलफ्रेमवाली ७०-३००. डी९०ची बॅटरी आणि कार्डं नव्यात चालतील का?

दर्यावर्दी
कार्डं एसडीच आहेत, चालतील, पण इतकी जुनी कार्डं सेकंदाला ८ फ्रेमच्या वेगात दम टाकतात. एक नवं ६४ जीबी घ्या. बॅटरी वेगळी आहे, चालणार नाही. रात्रभराचं नाटक काढायचं तर जादा बॅटरी आत्ताच मागून घ्या, आणि घ्याल ती कंपनीचीच. स्वस्तातल्या फुगतात आणि खाच्यात अडकतात.