मदत हवी आहे: जर्मनीत पीएचडीसाठी प्रोफेसरांना पहिला मेल कसा लिहायचा?

मास्टर्सचं शेवटचं सेमिस्टर चालू आहे, थिसिस पेरोव्स्काइट (एका खास स्फटिकरचनेचं मटेरियल) सोलर सेलवर. पुढे पीएचडी बाहेरच करायचीये पण पगारी जागा मिळाली तरच, स्वतःच्या खर्चाने अजिबात जमणार नाही. नेदरलँड्सचं सोपं वाटलं, ४ वर्षांच्या जागेची नोकरीसारखी जाहिरात येते, तिथे अर्ज टाकलेत. अडलंय जर्मनीत, तिकडे बऱ्याचदा गाईड आधी आपणच शोधावा लागतो. १४ जणांना मेल केले, प्रत्येकाचा एकतरी पेपर नीट वाचून, ३ उत्तरं आली आणि तिन्हींत तेच, सध्या फंडिंग नाही. आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) झालंय, माझा एक पेपर रिव्ह्यूमध्ये आहे, छापून काहीच नाही. ज्यांना होकार मिळालाय त्यांनी प्लीज सांगा, पहिल्याच मेलला रिसर्च प्रपोजल जोडलं होतं की नुसता सीव्ही आणि थिसिसचा सारांश?