मदत हवी आहे: मावसभावाच्या पिण्याबद्दल कुणाशी बोलू?

मावसभाऊ 20 वर्षांचा आहे, चोपड्याकडचा, जळगावला रूम करून शिकतो. हिवाळ्यात मळ्यातली भरीत पार्टी आमच्याकडे नवी नाही, पण त्याच्या मित्रांत कळण्याच्या भाकरीआधी बाटल्या येतात. रोज पीत नाही. बसला की मात्र थांबत नाही, आणि दुसऱ्या दिवशी रात्रीचं काही आठवत नाही. 'सगळेच घेतात, ताई.' कायद्याने बिअरलाही 21 वर्षं लागतात, दारूला 25, हे सांगून पाहिलं, हसला. सगळ्यात जास्त भीती मला त्या अवस्थेत तिघांनी एका मोटारसायकलवर परतण्याची वाटते.

मावशीला कळलं तर शिक्षण बंद करून शेतावर बसवतील, म्हणून अजून गप्प आहे.

जळगाव किंवा धुळ्यात तरुण पोरांशी उपदेश न करता बोलणारा समुपदेशक कुणाला माहीत आहे का? 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर नातेवाइकांनी फोन केल्याचा कुणाचा अनुभव? पुण्याचं मुक्तांगण ऐकून आहे, पण दाखल करण्याइतकं हे पुढे गेलंय असं वाटत नाही. शपथा, गंडेदोरे आणि जेवणातून गुपचूप औषध कृपया सुचवू नका.