व्हेनस अल्सर: बँडेजला पेंटॉक्सिफायलिनची जोड द्यावी का?

गॉजपट्टी
घोट्याच्या आतल्या बाजूला 4 × 3 सेंमी व्हेनस अल्सर (शिरांतलं रक्त नीट वर न गेल्याने झालेली जखम), वय 62, मधुमेह नाही, एबीपीआय (घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर) 0.95, म्हणजे धमन्यांचा पुरवठा ठीक. चार थरांचं बँडेज 8 आठवडे चालू आहे, पण आकार हलत नाही. पेंटॉक्सिफायलिन (रक्तप्रवाह सुधारणारं औषध) द्यावं का, आणि किती काळ? घरचे ग्रोथ फॅक्टर जेलही (जखम भरायला चालना देणारं) मागताहेत. स्वॉबमध्ये (जखमेवरून घेतलेल्या नमुन्यात) जंतू आलेत.

काटकोन
द्या. 400 मिग्रॅची एसआर (हळूहळू विरघळणारी) गोळी दिवसातून 3 वेळा, जेवणानंतर, न तोडता-चावता. चाचण्यांमध्ये ती 24 आठवड्यांपर्यंत दिली गेली आहे, तेव्हा पंधरा दिवसांत निकाल मागू नका. मळमळ-जुलाबामुळे पेशंट परस्पर गोळी सोडतात, ते दरवेळी विचारा. मेंदूत किंवा डोळ्याच्या पडद्यात नुकता रक्तस्राव झाला असेल, तर नको. वॉरफरिन (रक्त गोठू न देणारं औषध) असेल तर आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) लवकर-लवकर तपासा.

पण आधी बँडेज बघा. घोट्यापाशी साधारण 40 मिमी पारा इतका दाब हवा. पाऊल काटकोनात धरून बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, टाच झाकून. टाच उघडी राहिली की सूज तिथेच साठते. नडगी बारीक असेल तर कापसाचा थर वाढवा, नाहीतर हाडावर नवी जखम.

स्वॉबमध्ये जंतू येणारच, उघड्या जखमेवर ते असतातच. लाली पसरतेय, पाय गरम आहे, ताप आहे, तरच अँटिबायोटिक.

सलाइनवाला
जेलचे पैसे वाचवा. ते जेल म्हणजे बेकाप्लर्मिन 0.01%, आणि ते मधुमेहाच्या न्यूरोपॅथिक (नसा बधिर झाल्याने होणाऱ्या) जखमांसाठी, तेही रक्तपुरवठा चांगला असेल आणि मृत भाग काढलेला असेल तर. पातळ थर, वर ओलं गॉज, 12 तासांनी सलाइनने धुवायचं, ट्यूब फ्रिजमध्ये. व्हेनस अल्सरसाठी त्याला मान्यता नाही.

कडेची_बायोप्सी
पेशंटच्या बाकीच्या गोळ्या कुणी पाहिल्या का? हायड्रॉक्सियुरिया (रक्ताच्या काही आजारांवरचं) आणि निकोरँडिल (हृदयामुळे होणाऱ्या छातीदुखीवरचं), दोन्हींमुळे पायावर न भरणारे अल्सर होऊ शकतात. स्टेरॉइडही भरणं लांबवतं. कडा उंच, गुंडाळल्यासारख्या असतील तर कर्करोग नाही ना हे पाहायला कडेचा तुकडा बायोप्सीला पाठवा, थांबू नका.

गॉजपट्टी
निकोरँडिल आहे! 10 मिग्रॅ, दिवसातून दोनदा, अंजायनासाठी.

कडेची_बायोप्सी
मग आज पेंटॉक्सिफायलिन सुरू करू नका. दोन्हींनी बीपी उतरू शकतं. निकोरँडिलही स्वतःहून बंद करायला सांगू नका. हृदयरोगतज्ज्ञांना लेखी विचारा, पर्यायी औषध त्यांनीच ठरवायचं. निकोरँडिल थांबल्यावरही जखम भरायला काही आठवडे लागतात, तोवर बँडेज सुरूच. दर आठवड्याला लांबी-रुंदी मोजून फोटो ठेवा.