मदत हवी आहे: कंपनीच्या सपोर्ट साइटवर नेमका लेख शोधायचा कसा? (स्कॅन फोल्डरमध्ये जात नाही)

हिशेबनीस

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत हिशेब बघते. कंप्युटरची कामंही माझ्याच गळ्यात आहेत.

ऑफिसात कॉपी-प्रिंट-स्कॅन करणारं मोठं मशीन आहे, बऱ्यापैकी जुनं. कर्जाच्या फायली स्कॅन केल्या की थेट माझ्या कंप्युटरवरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये यायच्या. कंप्युटर नवा आला, त्यात विंडोज ११ आहे, आणि तेव्हापासून मशीन "कनेक्ट होऊ शकत नाही" म्हणतंय. प्रिंट मात्र झकास निघते. एएमसीवाले (वार्षिक देखभालीचं कंत्राट घेतलेले) फोनवर "मॅडम, नेटवर्कचा इश्यू आहे" एवढंच सांगतात.

कंपनीच्या सपोर्ट साइटवर इंग्रजीत "स्कॅनर नॉट वर्किंग" टाकलं. ढीगभर लेख आले: काच पुसा, ड्रायव्हर टाका, कागद अडकलाय का बघा. दुसरीकडे एका लेखात "एसएमबी-१ चालू करा" असं लिहिलंय. करू का? आणि हे लेखांचं भांडार चाळायची काही रीत असते का? दर वेळी कुणाला तरी विचारत बसणं बरं वाटत नाही.

खटपट्या

ताई, एसएमबी म्हणजे नेटवर्कवरून फायली देण्याघेण्याची पद्धत, आणि एसएमबी-१ ही तिची जुनी आवृत्ती. तिला आत्ता हात लावू नका. कारण खाली सांगतो, आधी शोधाचं बघू.

"चालत नाही" हे आपलं गाऱ्हाणं झालं. लेख लिहिणारा इंजिनिअर त्या सोयीचं अधिकृत नाव लिहितो, म्हणजे मशीनच्या पॅनेलवर जे दिसतं ते. तुमच्याकडे "स्कॅन टू फोल्डर" किंवा "स्कॅन टू एसएमबी" असेल. तेच शब्द इंग्रजीत जसेच्या तसे घ्या. त्याला मॉडेल नंबर जोडा, मागच्या स्टिकरवरून, शेवटच्या अक्षरांसकट. आणि तिसरं, तुमच्याकडे बदललं काय? मशीन तेच आहे, विंडोज बदललं. म्हणजे मॉडेल, स्कॅन टू एसएमबी, विंडोज ११. एवढंच टाका. काहीच आलं नाही तर मॉडेल काढून मालिकेचं नाव घाला, कारण बरेचदा अख्ख्या मालिकेला मिळून एकच लेख असतो.

कंपनीच्या साइटवरच्या शोधपेटीतच शोधायला हवं असंही नाही. कित्येक कंपन्यांचा स्वतःचा शोध यथातथाच असतो. गुगलमध्ये इंग्रजीत "साइट" लिहा, कोलन द्या, आणि मध्ये जागा न सोडता सपोर्ट साइटचा पत्ता. मग तुमचे शब्द. फक्त तिथलीच पानं येतात. नको असलेल्या शब्दाच्या आधी वजाचं चिन्ह चिकटवा, उदाहरणार्थ वजा ड्रायव्हर. मशीनवर आलेला संदेश शोधायचा असेल तर तो अवतरणचिन्हांत घाला, पण त्यातलं तुमच्या कंप्युटरचं आणि फोल्डरचं नाव आधी काढा. ती नावं कुणाच्याच लेखात सापडणार नाहीत.

आता एसएमबी-१. लेख उघडला की उपाय वाचण्याआधी तारीख आणि "कशाला लागू" हा भाग बघायचा. तुमचा लेख २०१७-१८ च्या आसपासचा असेल असं वाटतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो एसएमबी-१ मधल्या भोकातून. त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी-१ ची सर्व्हर बाजू येतच नाही. स्कॅन घेताना तुमचा कंप्युटर सर्व्हर (फोल्डर पुरवणारा) असतो, मशीन क्लायंट (त्यात फाइल टाकणारं). म्हणून त्या काळातल्या लेखांत "चालू करा" असा उपाय सर्रास दिसतो. ते चालू करणं म्हणजे तेच भोक पुन्हा उघडणं, आणि तेही कर्जदारांची कागदपत्रं असलेल्या कंप्युटरवर.

शिवाय तुमचं कारण वेगळंही असू शकेल. २०२४ च्या विंडोज ११ २४एच२ पासून प्रो आवृत्तीत एसएमबी सायनिंग, म्हणजे प्रत्येक निरोपावर डिजिटल सही, सक्तीचं झालंय. जे मशीन एसएमबी-२ बोलतं पण सायनिंग करत नाही, ते तिथे अडतं. स्टार्टमध्ये इंग्रजीत विनव्हर टाइप करा, आवृत्ती कळेल. २४एच२ किंवा त्यापुढचं निघालं तर शोधात "एसएमबी सायनिंग" घाला आणि २०२४ च्या आधीचे लेख बाजूला ठेवा.

वायरमन

+१. थोडी भर घालतो.

तुमचं विंडोज मराठीत आहे का? आमच्याकडे एका ऑफिसात होतं. संदेश मराठीत यायचा आणि तो शोधला तर काहीच सापडायचं नाही. अशा वेळी वाक्य सोडा, कोड धरा. तो कुठल्याही भाषेत तोच असतो.

कोड उलगडताही येतो. समजा शून्य-एक्सनंतर ८००७००३५ आलं. सुरुवातीचं ८००७ म्हणजे विंडोजचा नेहमीचा एरर. शेवटचे ००३५ दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेले, म्हणजे तीन गुणिले सोळा अधिक पाच, ५३. कमांड प्रॉम्प्टवर इंग्रजीत नेट हेल्पएमएसजी ५३ टाका, अर्थ समोर येतो: नेटवर्कचा मार्ग सापडला नाही. शेवटी ०००५ असेल तर परवानगी नाकारली. दोन्हींचे लेख पूर्ण वेगळे, त्यामुळे कोडचा अर्थ कळला की निम्मा कचरा आपोआप गळतो.

आणि शोधाच्या वर ते एआयचं उत्तर येतं ना, त्यातली मेनूंची नावं मशीनच्या पॅनेलवर दिसल्याशिवाय खरी मानू नका.

हिशेबनीस

दोघांचे आभार! आवृत्ती २४एच२ प्रो निघाली. मॉडेल आणि "एसएमबी सायनिंग" टाकलं तर भारतातल्या साइटवर शून्य. मालिकेचं नाव घेऊन कंपनीच्या जागतिक साइटवर शोधलं, तर तिसराच लेख नेमका हा. फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर सायनिंग चालतं असं लिहिलंय, आणि लागू मॉडेलांच्या यादीत आमचं आहे. एएमसीवाल्यांना त्याची लिंक पाठवली, ते येतो म्हणालेत. तोवर पेनड्राइव्हवर स्कॅन घेतेय. फर्मवेअर टाकताना काही काळजी?

खटपट्या

आधी अ‍ॅड्रेस बुक आणि नेटवर्क सेटिंगची नोंद करून ठेवा, कधीकधी उडतात. अपडेट मध्येच तुटलं तर मशीन सुरूच न होण्याची भीती असते, आणि लेझर मशीन कंप्युटरच्या साध्या यूपीएसला जोडायचं नसतं, तो लोड त्याला झेपत नाही. तेव्हा ज्या दिवशी तुमच्याकडे लाइट जाते तो वार सोडून बोलवा त्यांना.