नातवंडं सांभाळायला आपलं घर सोडून जायचं का?

मंगळवारपेठ_आज्जी
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी ६२, हे ६७. मुलगा-सून दोघं पुण्यात हिंजवडीला आयटीत. सुनेची बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपली तशी आम्ही इथल्या, कोल्हापुरातल्या घराला कुलूप लावून पुण्याला गेलो, म्हटलं चार-सहा महिने काढू, बाळ जरा चालायला लागलं की बघू, ते करता करता चौदा महिने झाले. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला म्हणून आलो ते अजून परत गेलो नाही. सून सध्या बिनपगारी रजेवर आहे, ती पंधरा दिवसात संपेल. खरं सांगते, परत जायची इच्छा नाही आणि हे मुलाला सांगायचं धाडस होत नाही.

नातवावर जीव नाही असं नाही हो. दुपारी झोपताना माझ्या हातातल्या बांगड्या एकेक करून मागंपुढं सरकवत राहायचा, सरकवता सरकवता त्याचा हात सैल पडला की समजायचं झोपला. परवा इथं दुपारी आडवी झाले तर माझा हात आपोआप तसाच बाजूला पसरला, मग उठूनच बसले.

पण तिथं अकराव्या मजल्यावर सकाळी आठ ते रात्री आठ आम्ही दोघं आणि ते पोर. यांचा इथं रोज पहाटे रंकाळ्याला फेरा, मग मित्रांबरोबर चहा, घरी यायला साडेआठ. तिथं दिवसभर बाल्कनीत. शुगर वाढली. माझा उजवा गुडघा गेला, अकरा किलोचं पोर कडेवर घेऊन फिरल्याशिवाय जेवत नाही. शुक्रवारी अंबाबाईला जायचं माझं तीस वर्षांत कधी चुकलं नव्हतं. आम्ही चुकतोय का, स्पष्ट सांगा.

कागलची_लेक_पुण्याची_सून
काकू, राग मानू नका, मी तुमच्या सुनेच्या जागी आहे म्हणून लिहिते. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय पाहिजे असं २०१७ च्या दुरुस्तीपासून कायदाच सांगतो, पण आमच्या ऑफिसात ती सोय कागदावर आहे, तिथं कुणाचं मूल ठेवलेलं मी अजून बघितलं नाही. माझी मुलगी तेरा महिन्यांची असताना बाहेरच्या पाळणाघरात ठेवली, पहिल्याच महिन्यात तीनदा ताप आला, तिसऱ्या वेळी मीटिंग अर्धी सोडून पळाले, नंतर ते प्रोजेक्ट दुसऱ्याला गेलं. तुम्ही परत गेला नाही तर नोकरी तुमचा मुलगा नाही सोडणार, ती सोडेल. आणि तीन वर्षं घरी बसलेल्या बाईला परत त्याच पगारावर कोण घेतंय? आम्ही फुकटची आया मागत नाही, पोराला घरचं माणूस मिळावं एवढंच मागतो.

राजारामपुरी_आजोबा
मी पण म्हणेन जावा. मी एसटीत कंडक्टर होतो, मुलगा झोपेत असताना ड्युटीवर जायचो आणि तो झोपल्यावर घरी, तो चालायला कधी लागला ते मला बायकोनं सांगितलं. नातवाचं पहिलं पाऊल मात्र मी डोळ्यांनी बघितलं. आता सहा वर्षांचा आहे, टाऊन हॉलच्या बागेत नेतो, खासबागेत कुस्त्या असल्या की खांद्यावर घेऊन बसतो, संध्याकाळी गंगावेशीत म्हशी पिळताना बघायला नेतो, धारोष्ण दुधाचा ग्लास तोंडाला लावला की पांढऱ्या मिशा घेऊन घरी येतो. हे सुख सोडून म्हातारपणी भिंती धरून काय बसायचं?

रिटायर्ड_सिस्टर
आजोबा, प्रेम बरोबर आहे पण दूध उकळून द्या. कच्च्या दुधातून जंतू जातात, लहान पोरांना लवकर बाधतं. वॉर्डात ३१ वर्षं काढली म्हणून सांगते, घराघरात आज्जी-सुनेची भांडणं ह्यावरच. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचं नाही म्हणजे नाही, सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणीसुद्धा नाही. यावर "आम्ही तुम्हाला असंच वाढवलं की" म्हणून चालत नाही. पण मंगळवारपेठच्या ताई, तुमचा गुडघा आणि साहेबांची शुगर पण तेवढीच खरी आहे. नातवाच्या लसीची तारीख पाठ आणि स्वतःच्या गोळ्या विसरलेल्या, अशा कितीतरी आज्ज्या बघितल्यात. माझं मत, पूर्णवेळ जाऊ नका.

शिवाजीपेठ_भावा
काकी, जरा कडू बोलतो. मला आज्जीनं वाढवलं. आईवडील दोघं नोकरीला, आज्जी आम्हा चौघा भावंडांना भाकरी थापता थापता सांभाळायची, परातीतल्या पिठाचा शेवटचा गोळा माझा, त्याची बारकी भाकरी करून द्यायची. तिचा गुडघा दुखत नव्हता काय? तिला कोण विचारलं? तुम्ही नोकरी केलीसा काय मला माहीत नाही, पण तुमच्या पोरांना तुमच्या सासूनं बघितलं असंल तर आता तुमची पाळी आली की तुम्ही मागं सरताय, हे मला पटत नाही.

मंगळवारपेठ_आज्जी
भावा, नोकरी केली, शाळेत २९ वर्षं. आणि खरंय, सासूबाईंनीच दोन्ही पोरं सांभाळली. त्यांना दुखतंय का असं मी कधी विचारलं नाही. हे वाचून सकाळपासून कशात लक्ष लागत नाही.

पण विचार करता करता एक लक्षात आलं. सासूबाई स्वतःच्या घरात होत्या. पोरांना दारात सोडून शेजारणीशी बोलत शेंगा फोडायच्या, कंटाळा आला की पोरं समोरच्या घरात द्यायच्या, संध्याकाळी काठी घेऊन देवळात जायच्या. पोरं त्यांच्या दिवसात येऊन मिसळायची. आमचं उलट झालंय, आम्ही आमचा दिवसच इथं कुलपात ठेवून गेलो. तिथं खालच्या बागेत माझ्यासारख्या आठ-दहा आज्ज्या असतात, सगळ्या प्रॅम धरून, कुणी साताऱ्याची, कुणी लातूरची, आणि बोलणं काय तर तुम्ही परत कधी जाणार.

बिंदूचौक_एकटी
माझ्या दोन्ही नाती अमेरिकेत. मिस्टर गेले. इथं रात्र झाली की तिथं सकाळ, शाळेच्या गडबडीत पाच मिनिटं फोनवर दिसतात, धाकटीला मराठी समजतं पण बोलत नाही. गुडघा दुखू दे, जावा. मला कुणी उद्या बोलावलं तर मी आज बॅग भरेन.

रिटायर्ड_सिस्टर
बिंदूचौक ताई, तुमचं दुःख समजतं. पण तुम्हाला बोलवत नाहीत म्हणून ह्यांनी आजारी पडेपर्यंत जावं हे बरोबर नाही.

कागलची_लेक_पुण्याची_सून
काकू, अर्धा दिवस पाळणाघर आणि अर्धा दिवस तुम्ही, असं का नाही? किंवा दोन महिने तुम्ही, दोन महिने सुनेचे आईवडील. आमच्याकडं शेवटी तसंच केलं. सासूबाई तिसऱ्या महिन्याला गावी जातात, परत येताना मसाला आणि गूळ घेऊन येतात, आणि खरंच हसत येतात. एक विचारू? हे गुडघ्याचं, शुक्रवारचं, खालच्या बागेतलं, तुम्ही सुनेला स्वतः सांगितलंय का?

शिवाजीपेठ_भावा
पाळीपाळीनं करत असशीला तर माझं काही म्हणणं नाही. पण नातवाला इथं पण आणा की उन्हाळ्यात, महिनाभर. ते पोर तुमच्या गल्लीत पळू दे.

मंगळवारपेठ_आज्जी
नाही सांगितलं. मुलाला बोलले असते एखादवेळेस, तिला नाही. तिला वाटेल मी तिच्यावर उपकार मोजतेय म्हणून गप्प बसले. पोर साडेनऊला झोपतं, त्यानंतर ती भांडी आवरते, दहाला मोकळी होते. आज दहाला मीच फोन लावते, मुलाला नाही, तिला.